दाराकडे पाठ

थांबाबाईंचं काम असं विचित्र होतं, की ज्या माणसासाठी त्या हातातला घास टाकून धावत जात, त्याचा चेहरा त्यांना बहुतेक वेळा दिसतच नसे. दार त्यांच्या पाठीशी असे आणि तोंड रस्त्याकडे. दाराशी बसून आतल्या माणसाशी बोलणारा दुसराच कोणी असे. त्याच्या मागे शांतता राखायची, हे बाईंचं काम. मन बिघडून आत कोंडून घेतलेला माणूस भेदरलेला असतो, तो एका आवाजावर कसाबसा विश्वास ठेवू शकतो, दहा आवाजांवर नाही. म्हणून बाई पोलिसांकडे, नातेवाइकांकडे, बघ्यांकडे तोंड करून उभ्या राहत आणि कोणी तोंड उघडलं की तळहात वर करून म्हणत, "थांबा."

नाव पोलिसांनीच ठेवलेलं. "बाई, मागच्या बाजूनं शिरू का?" "थांबा." "निदान भोंगा तरी वाजवू?" "थांबा." आधी चेष्टेनं, मग सवयीनं ते नाव चिकटलं. बाईंच्या कानावर ते आलं तेव्हा त्या हसल्या. घरी त्यांचे यजमान मात्र ही संधी कधी सोडत नसत. "सगळं शहर थांबतं म्हणे हिच्या शब्दावर. इथं दूध उतू जाताना ते एकदा थांबवून दाखव, मग मानतो."

या कामाआधी बाई मनोरुग्णालयात परिचारिका होत्या, अर्धं आयुष्य. तिथं पोलिसांची गाडी आवारात शिरली की त्या गरम पाणी आणि मऊ फडकं घेऊनच पुढं होत. कारण गाडीतून उतरणारा माणूस बांधलेला असणार, हे ठरलेलं. कधी बेड्या, कधी दोर, एकदा तर चक्क सायकलची ट्यूब. आजार हळूहळू उतरायचा, माणूस ताळ्यावर यायचा, घरी निघायचा. पण निघताना बाही मनगटाखाली ओढून घ्यायचा. ते बाही ओढणं बाईंच्या मनात कायमचं घर करून बसलं होतं. एकदा त्यांनी माणसाला घेऊन आलेल्या एका शिपायाला विचारलं होतं, "यानं केलं काय होतं?"

"काही नाही. घाबरला होता."

"मग बांधलात का?"

शिपाई खरं बोलणारा होता. म्हणाला, "आम्हीही घाबरलो होतो."

त्या उत्तरातूनच पुढं हे पथक निघालं, असं म्हटलं तरी चालेल. बाईंनी अर्ज केले, हेलपाटे घातले, मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून बसून तो बाक आपलासा केला. शेवटी ठरलं, की असा कोणी संकटात असल्याचा फोन आला तर पोलिसांबरोबर बाईंचं पथकही जाईल. दाराशी बोलणं पथकाचं, आजूबाजूची राखण पोलिसांची आणि दोघांमध्ये उभ्या बाई. पोलीस ठाण्यात मागच्या अंगाला बाईंना खोली मिळाली. पूर्वी तिथं लोकांच्या हरवलेल्या छत्र्या ठेवत. छत्र्या गेल्या, दमट वास राहिला.

दाराशी बोलणारा बाईंचा माणूस म्हणजे कंडक्टर. खरोखरच बसमध्ये कंडक्टर होता तो, पन्नाशीला टेकलेला, आडव्या अंगाचा. बायकोच्या आजारपणात हे सगळं जवळून पाहिलं, तेव्हा नोकरी सोडून रीतसर शिकला आणि पथकात आला. "आयुष्यभर पुढे सरका, पुढे सरका म्हणत आलो," तो सांगायचा, "आता मागे सरा म्हणायला शिकतोय." रागावलेल्या, रडणाऱ्या, झिंगलेल्या, हरवलेल्या माणसांशी बोलायची त्याला इतकी सवय होती, की बंद दाराआडचं माणूस त्याला नवं वाटतच नसे.

बाईंचा एक नियम मात्र असा होता, की तो मोडला तर पथक नसलेलं बरं. दाराआडच्या माणसाला शब्द द्यायचा तो पाळता येईल तेवढाच. म्हणून कंडक्टरला कसलंही वचन द्यायचं असलं की तो बोलता बोलता डावा हात पाठीमागं नेई. बाई अधूनमधून मान वळवून तो हात बघत आणि समोरच्या पोलीस अधिकाऱ्याला विचारत, हा शब्द देऊ का? अधिकारी हो म्हणाला, तरच बाई मागं सरकून कंडक्टरच्या खांद्यावर दोनदा थोपटत. थाप पडली की कंडक्टर बोले. थाप नाही तर वचन नाही. जुने हवालदारकाका म्हणायचे, "बाईंची थाप म्हणजे बँकेतला शिक्का."

त्या दिवशी ऊन चढलेलं असताना फोन आला. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक बाई हत्यार घेऊन दुकानात कोंडून बसली आहे.

"कसलं हत्यार?" बाईंनी विचारलं.

"कात्री आहे म्हणे. मोठी."

"आणि दुकान कसलं?"

"शिलाईचं."

"मग शिलाईच्या दुकानात काय, कुदळ सापडणार होती?" बाई चपला घालत म्हणाल्या.

गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या दुकानांतले लोक पायऱ्यांवर आले होते, वरच्या खिडक्यांतून माना लोंबत होत्या आणि जिथं बघावं तिथं हात उंचावून धरलेले मोबाईल. शिलाईच्या दुकानाच्या काचेला आतून पडद्याचं कापड लावलं होतं, एका कोपऱ्यात तेवढी फट होती. तिच्यातून आत काय दिसतं, ते एकजण मागच्यांना मोठ्यानं सांगत होता. एका गृहस्थाला वेगळीच चिंता. "साहेब, दार फोडलंत तर माझी पॅंट तेवढी आधी बाहेर काढा. डावीकडच्या खुंटीला आहे."

साहेब नवे होते. नुकतेच बदलून आलेले, वयानं तरुण, गणवेशाची इस्त्री कडक. माणूस वाईट नव्हता, हे बाईंनी पुढंही नेहमी सांगितलं. पण त्याला प्रत्येक गोष्ट लवकर संपवायची होती. हवालदारकाका त्यांच्यामागं उभे होते. बाईंना बघून त्यांनी टोपी काढून काखेत घेतली.

"मॅडम, दार कमकुवत आहे," साहेब म्हणाले. "दोन लाथांत उघडेल."

"थांबा," बाई म्हणाल्या. काका मिशीत हसले.

तेवढ्यात एक मनुष्य गर्दीतून पुढं घुसून ओरडला, "ताई! बाहेर ये! तमाशा लावलायस गल्लीत!"

बाईंनी त्याच्या दंडाला धरून बाजूला घेतलं. "तुम्ही तिचे कोण?"

"धाकटा भाऊ."

"तुमचा आवाज तिला रोज ऐकू येतो. आज जरा दुसऱ्याचा ऐकू दे. मला सांगा, कधीपासून चाललंय?"

भावाचा आवाज एकदम उतरला. आई गेल्यापासून, म्हणाला. ही आईबरोबरच राहायची, आईनंच तिला शिलाई शिकवली. आई गेली आणि हिची झोप गेली. मग म्हणायला लागली, कोणीतरी मला न्यायला येणार आहे. आज सकाळी पडदा कापून काचेला लावला आणि आत बसली. "मी म्हटलं, वेडेपणा करू नकोस. कोण कशाला नेईल तुला?"

बाईंनी गाड्या कोपऱ्यामागं नेल्या, पोलिसांना दारातून दिसणार नाहीत असं उभं केलं, आणि मग दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या. कंडक्टर दुकानाच्या पायरीवर बसला, अगदी कोणाची वाट बघत बसावं तसा.

"ताई, मी बाहेर पायरीवर बसलोय. आत येत नाही."

मग आतून, "कोण?"

"पूर्वी बसमध्ये कंडक्टर होतो. आता लोकांशी बोलायचं काम करतो."

"माझ्याकडं तिकीट नाही."

"नसू दे. तपासायला नाही आलो."

"मला न्यायला आलायस."

"दवाखान्यात येता का, विचारायला आलोय. बरेच दिवस झोप नाही ना?"

"झोपले की नेतील."

"कोण नेणार?"

"ते. हात धरून." आवाज दाराजवळ आला. "बाहेर पोलीस आहेत."

कंडक्टर खोटं बोलत नसे. "आहेत," तो म्हणाला. "दारापासून लांब आहेत. मी दाराशी आहे. आणि माझ्यामागं आमच्या बाई आहेत, त्या कोणाला पुढं येऊ देत नाहीत."

असं कितीतरी वेळ चाललं. आईबद्दल बोलणं झालं, मशीनबद्दल झालं, खुंटीवरच्या पॅंटबद्दलसुद्धा झालं. "त्याचं पोट सुटलंय, माप चुकीचं सांगतो," आतला आवाज म्हणाला, आणि पॅंटवाले गृहस्थ सोडून सगळी गल्ली हसली. बाईंनी तळहात वर केला. त्या समोरच्या चेहऱ्यांवरून पाठीमागचं ओळखत; एवढ्या वर्षांत ते त्यांना साधलं होतं. चेहरे सैल पडत होते.

मग आतून आवाज आला, "बाहेर आले तर ते हात लावतील."

कंडक्टरचा डावा हात पाठीमागं आला.

बाई साहेबांजवळ गेल्या. हळू पण स्पष्ट बोलल्या. "ती स्वतःच्या पायांनी बाहेर येईल, आमच्या गाडीत बसेल, दवाखान्यात जाईल. तिला कोणी हात लावायचा नाही. हा शब्द देऊ?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. "द्या."

"तुमच्या माणसांच्या वतीनं?"

"म्हटलं ना मॅडम, द्या."

बाईंनी मागं सरकून कंडक्टरच्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

"ताई, आता ऐका," कंडक्टर म्हणाला. "कात्री टेबलावर ठेवा. दोन पावलं मागं सरा. हात मोकळे दिसू देत. घाबरू नका, तुम्हाला कोणी हात लावणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

लाकडावर लोखंड टेकल्याचा आवाज बाईंनी ऐकला. मग कडी. समोरचे लोक चवड्यांवर उभे राहिले, मोबाईल वर गेले. आणि त्याच वेळी बाईंना साहेबांचं बोट दिसलं. नुसतं एक बोट, कमरेशी, पुढं वाकलेलं. बाईंच्या दोन्ही बाजूंनी दोन शिपाई धावत गेले.

"थांबा!" बाई हात पसरून ओरडल्या.

आयुष्यात पहिल्यांदा कोणीही थांबलं नाही. हवालदारकाका तेवढे जागच्या जागी उभे राहिले, काखेत टोपी धरून.

बाई वळल्या तेव्हा स्टूल उलटलं होतं आणि ती शिलाईवाली, गळ्यातल्या मापाच्या टेपसकट, कापडाच्या तुकड्यांवर पालथी होती. पाठीवर एकाचा गुडघा. बेडीचा आवाज झाला. तिनं धडपड केली नाही, शिवी दिली नाही. मान वळवून कंडक्टरकडे बघत होती नुसती.

"सुखरूप," साहेब कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "कोणाला ओरखडासुद्धा नाही."

"कात्री टेबलावर होती," बाई म्हणाल्या. त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती, पण आवाज चढला नाही; त्यांचा राग तसाच होता, आवाज खाली नेणारा.

"हाताच्या अंतरावर होती. पुन्हा उचलली असती तर? मला धोका पत्करून चालत नाही."

"तुम्ही शब्द दिला होता."

"मी नाही दिला, मॅडम," साहेब म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. "तुमच्या माणसानं दिला."

दवाखान्याच्या वाटेवर बाई तिच्या शेजारी बसल्या. बेडी काढायला साहेबांनी नकार दिला होता. सगळ्या वाटेत ती एकदाच बोलली. मनगटांकडं बघत, अगदी शांतपणे, जणू वादातला मुद्दा सिद्ध झाल्यासारखी. "बघा. आले ना?"

बाईंच्या काळजाला घरं पडली ती तिथं. कोणी न्यायला येणार ही तुझी भीती खोटी आहे, असं सगळ्यांनी तिला सांगितलं. भावानं सांगितलं, कंडक्टरनं सांगितलं. आणि मग तिनं विश्वास ठेवून दार उघडलं, तशी ती भीती धावत आत शिरून तिच्या पाठीवर बसली. आता उद्या डॉक्टर कोणत्या तोंडानं सांगणार, की तुम्हाला भास होतात?

संध्याकाळी कंडक्टर छत्र्यांच्या खोलीत आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "मी उद्यापासून येत नाही."

"बसा तरी."

"नाही बसत. बाई, बसमध्ये एवढी वर्षं मी आत जागा आहे म्हणून खोटं सांगितलं. पण ते खोटं आहे हे चढणाऱ्यालाही ठाऊक असायचं. आज माझ्या तोंडून जे वदवलं ना, ते तिला खरं वाटलं होतं." एवढं बोलून तो गेला.

घरी बाई ओट्याशी उभ्या राहून एकच पातेलं घाशीत राहिल्या. यजमान बराच वेळ बघत होते.

"त्या पातेल्याचा काही गुन्हा नाही," ते शेवटी म्हणाले.

"थाप माझी होती," बाई म्हणाल्या.

"बोट त्यांचं होतं."

"तिला बोट नाही दिसलं. तिनं थापेवर दार उघडलं." यजमानांनी मग काही चेष्टा केली नाही. पातेलं बाईंच्या हातून काढून घेतलं आणि पुसून फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पथकाच्या यशस्वी कामगिरीची बातमी होती. पोलिसांच्या मोठ्या मॅडमनी बाईंना बोलावून खुर्ची दिली, चहा दिला, अभिनंदन केलं. बाईंनी चहाला हात लावला नाही.

"साहेबांनी दवाखान्यात जाऊन तिला सांगायला हवं, की शब्द दिला होता आणि मोडला."

मोठ्या मॅडम हसल्या. "पोलीस अधिकारी जाऊन रुग्णाची माफी मागणार?"

"रुग्णाची नाही. शिलाई करणाऱ्या एका बाईची."

"पण तिला काही इजा झाली का? नाही. दवाखान्यात पोहोचली का? पोहोचली. मग तुमचं म्हणणं काय?"

"ती आमच्याबरोबर स्वतःच्या पायांनी पोहोचत होती. तुम्ही तिला पाडून पोहोचवलंत आणि त्याला कामगिरी म्हणता."

"आणि साहेब गेले नाहीत तर?"

"तर मी त्यांच्या शब्दावर पुन्हा कोणाच्या खांद्यावर थोपटणार नाही."

"पथक बंद पडेल मग."

"पाडा," बाई उठल्या. "जुने दोर ठेवले असतीलच कुठंतरी."

असं बोलून येणं सोपं असतं, पाळणं कठीण. आजारी माणूस कोणत्या साहेबांची पाळी आहे ते बघून घाबरत नाही. पुढच्याच आठवड्यात फोन आला, की एक रखवालदार पाण्याच्या टाकीच्या खोलीत कोंडून बसला आहे, पाईपला फास बांधलाय. पाळी त्याच साहेबांची. बाईंनी चपला घातल्या. रागावून माणसाशी अबोला धरता येतो, माणसाच्या जिवाशी धरता येत नाही. पोहोचल्या तर कंडक्टर आधीच जिन्यात उभा. हवालदारकाकांनी त्याला निरोप दिला होता.

"यांच्यासाठी आलेलो नाही," तो साहेबांकडं न बघता म्हणाला आणि दाराशी बसला.

"दादा, मी बाहेर पायरीवर बसलोय. आत येत नाही."

"ओळखलं तुला," आतून उत्तर आलं. "शिलाईवाल्या बाईला असंच म्हणाला होतास. मोबाईलवर बघितलं मी. सगळ्यांनी बघितलंय."

बाईंची पाठ दाराकडं होती, म्हणून त्यांना साहेबांचा चेहरा समोरासमोर दिसत होता. तो चेहरा आधी नुसता ऐकत होता. मग हळूहळू उतरत गेला. कारण त्या गल्लीत उंच धरलेले सगळे मोबाईल त्यांनाही आठवले असणार. शब्द एका दुकानात मोडला होता, पण तुकडे शहरभर गेले होते. कंडक्टर बोलत राहिला, घसा बसेपर्यंत बोलला. आतला माणूस फक्त म्हणायचा, "हो, हो. नक्की ना?" आणि हसायचा. ते हसणं ऐकवत नव्हतं. शेवटी त्याची बायको कामावरून आली, तिनं दाराला कपाळ टेकवून त्याला हाक मारली, आणि ते दार उघडलं. वाचला तो. पण बायकोला यायला उशीर झाला असता, तर? हा विचार करून साहेबांसकट सगळे जिन्यात बसून राहिले. या वेळी कोणीही कोणाला हात लावला नाही. बायकोनं हाताला धरून त्याला खाली आणलं.

"मॅडम," सगळे पांगल्यावर साहेब म्हणाले, "त्या दिवशी मी..."

"मला नका सांगू," बाई म्हणाल्या. "मी नव्हते पालथी पडले."

पुढं ती शिलाईवाली बरी होऊन घरी आली. औषधानं झोप लागली, खायला लागली, शेजारपाजाऱ्यांना ओळख देऊ लागली. बाई तिला भेटून आल्या. भाऊ दारातच म्हणाला, "सगळं ठीक आहे, पण दुकान उघडत नाही. मी दुसरी चांगली कात्री आणून दिली, तिला हात लावत नाही."

"माझी आहे ना," ती आतून म्हणाली. "आईची. ती कुठाय?"

ती पोलीस ठाण्यात होती. हवालदारकाकांनी कोठीत नेऊन बाईंना दाखवली. गज, सुरे आणि एक गंजलेला कोयता यांच्या रांगेत ती काळ्या मुठीची कात्री ठेवलेली होती आणि तिला चिठ्ठी लावली होती, शस्त्र. दोन बायकांचं आयुष्यभराचं पोट जिच्यावर चाललं, ती. बाईंनी ती चिठ्ठी काकांच्या देखत ओढून काढली आणि चुरगाळली. काका भिंतीकडं बघत राहिले. "मी काही पाहिलं नाही," म्हणाले.

कात्री घेऊन बाई सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या आणि टेबलावर ठेवली.

"तुम्ही नेऊन द्यायची. शिपायाच्या हाती नाही."

साहेबांनी कात्रीकडं बघितलं. बाईंना वाटलं, आता नियम सांगतील. ते म्हणाले, "गणवेशात येऊ की साध्या कपड्यांत?"

"ज्या कपड्यांत शब्द दिलात त्या कपड्यांत."

पोलिसांची गाडी गल्लीत शिरली तशी गल्ली पुन्हा भरली. लोकांना एकदा चटक लागली की ती सुटत नाही. खिडक्यांत माना आल्या, मोबाईल वर झाले, पॅंटवाले गृहस्थही आशेनं पुढं सरकले. कंडक्टर गर्दीच्या कडेला येऊन उभा राहिला. बोलावलं कोणीच नव्हतं त्याला. साहेब कात्री दोन्ही हातांत धरून पायरी चढले. आत जाण्याआधी ते थबकले आणि त्यांनी बाईंकडं बघितलं.

"मी येणार नाही आत," बाई म्हणाल्या. "माझी जागा इथं." आणि त्या दाराकडे पाठ करून गर्दीसमोर उभ्या राहिल्या.

"ही तुमची कात्री," आत साहेबांचा आवाज आला.

मशीनशेजारचं स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

"टेबलावर ठेवा," तिचा आवाज आला.

लाकडावर लोखंड टेकलं.

"दोन पावलं मागं सरा."

बूट सरकले.

"हात मोकळे दिसू देत."

गल्लीत कोणी ब्रसुद्धा काढत नव्हतं. आज बाईंना तळहात वर करावा लागला नाही. समोर कंडक्टरचे ओठ हलत होते. पुढचं वाक्य त्याला पाठ होतं.

"घाबरू नका," ती म्हणाली. "तुम्हाला कोणी हात लावणार नाही."

मग साहेब बोलले, आणि त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की बाहेर फक्त बाईंनाच ऐकू आला असेल. "ताई, शब्द मी दिला होता. कंडक्टरनं नाही. मी दिला आणि मीच मोडला."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "त्याच्या तोंडावरून कळलं होतं. जा आता."

साहेब बाहेर आले. बाईंचा राग गेला होता का? नव्हता. तो असा एका वाक्यानं जाणारा नव्हता, आणि जाऊही नये असं त्यांना वाटत होतं. तो शिल्लक राहिला तरच पुढच्या दाराशी कामाला येणार होता. पण त्यांनी बाजूला सरून साहेबांना वाट दिली आणि मोबाईल उंचावणाऱ्या पहिल्या हाताकडं बघून तळहात वर केला. हात खाली गेला.

पॅंटवाल्या गृहस्थांना मात्र राहवलं नाही. बाईंच्या खांद्यावरून मान उंचावून त्यांनी विचारलं, "माझं कधीपर्यंत होईल?"

आतून कात्री चालल्याचा आवाज येत होता, लांब, न अडखळता, जाड कापडातून.

"आधी आत या," आतून ती म्हणाली. "खरं माप द्या."